‘मास्क नाही तर वर्ग नाही’ असं लिहिण्याआधी

प्रश्न: परळ भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा मुलगा सहावीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, दोन अधिवेशनांत भरणारी. घरात सासरे आहेत. त्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं आहे आणि त्यासाठी रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे. घर दोन खोल्यांचं, नातू आजोबांच्या शेजारीच झोपतो. २०२५च्या मे महिन्यात मुंबईत कोविडचे रुग्ण पुन्हा दिसू लागले, त्यानंतर शाळेने पुढच्या साथीसाठी लेखी नियमावली करायचं ठरवलं. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर असलेल्या या ताईंकडे मास्कचा भाग आला. त्यांनी मसुदा केला: साथ आली की पहिली ते दहावी सगळ्यांना मास्क सक्तीचा, मास्क नसेल तर वर्गात प्रवेश नाही, तिसऱ्यांदा विसरला तर पालकांना बोलावणं, सवलत कुणालाच नाही. त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा मुलगा त्याच वर्गात आहे. तो दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बरंचसं समजून घेतो. मसुदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला तेव्हा मैत्रिणीने लिहिलं, ‘तुझा नियम माझ्या मुलाला वर्गात बसवून बहिरा करणार.’ यांनी उत्तर दिलं, ‘मग तुझ्या सोयीसाठी माझ्या सासऱ्यांचा जीव धोक्यात घालू का?’ तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. ताई विचारतात, ‘एकाला सूट दिली की सगळेच मागतील. मग नियमाला अर्थ काय राहिला? पुढच्या बैठकीत मी काय भूमिका घेऊ?’

उत्तर:

प्रिय ताई,

तुमची भीती खरी आहे. ज्यांच्या घरात प्रत्यारोपण झालेलं माणूस आहे त्यांना नुसत्या सर्दीचीही धास्ती काय असते, ते बाहेरच्याला कळत नाही. ‘आता कुठे आहे कोविड’ म्हणणाऱ्या लोकांमध्ये राहून रोज ही काळजी वाहणं फार एकटं करणारं असतं. तुमच्या मसुद्यातला कडकपणा त्यातूनच आला आहे, हे मला दिसतं. तुमच्या मैत्रिणीलाही ते दिसत असणार. पण ग्रुपवर चार लोकांसमोर बोलताना माणूस आपली बाजू सोडत नाही.

मसुद्याकडे वळण्याआधी एक गोष्ट. साथीत शाळांमध्ये मास्क सक्तीचा असावा की नसावा, हा निर्णय बहुतेक वेळा तुमच्या संघाकडे येणारच नाही. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला, तो १८९७च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन. रस्त्यावर विनामास्क फिरणाऱ्याला पुढे २०० रुपये दंड होता, तो आपल्याला आठवतोच. शाळांचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०२१ला मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, १५ डिसेंबरला पहिली ते सातवीचे, जानेवारीच्या सुरुवातीला बहुतेक वर्ग पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ला परत सुरू झाले. त्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून राज्याने निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक झाला. यातलं काहीही कुठल्या पालक संघाने ठरवलं नव्हतं. पुढच्या वेळीही सक्तीचा हुकूम वरूनच येईल, नाहीतर येणार नाही.

मग तुमच्या हातात काय उरतं? सरकारी परिपत्रकात जे सहसा इतक्या बारकाईने नसतं ते सगळं. मास्क विसरून आलेल्या मुलाचं फाटकावर काय करायचं, डबा कुठे खायचा, बाईंनी मास्क लावला की त्यांचं बोलणं ज्याला कळत नाही त्याची सोय काय, ताप आलेल्या मुलाला घरी ठेवलं तर त्याच्या हजेरीचं काय. शाळेची नियमावली या कामासाठी हवी, आणि तुमच्या मसुद्यात नेमका हाच भाग नाही.

आता मास्कच्या उपयोगाबद्दल. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे: सगळ्या मुलांनी सगळा वेळ मास्क लावला तर सासरे सुरक्षित. मास्कचा उपयोग होतो, यात मला शंका नाही. पण शाळकरी मुलांच्या बाबतीत तो किती होतो, याची उत्तरं एकसारखी आलेली नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२२च्या फेब्रुवारीअखेर शाळांतली मास्कसक्ती उठवली. बॉस्टन परिसरातल्या बहुतेक शाळांनी मास्क काढले, खुद्द बॉस्टन आणि शेजारच्या चेल्सीने जूनपर्यंत ठेवले. पुढच्या पंधरा आठवड्यांत मास्क काढलेल्या शाळांमध्ये हजारामागे सुमारे ४५ रुग्ण जास्त निघाले. उलट स्पेनच्या कॅटालोनियात सहा वर्षांच्या मुलांपासून पुढे सक्ती होती आणि पाच वर्षांच्या मुलांना नव्हती. तिथे दोन्ही वयांची तुलना केली तेव्हा मास्क न लावणाऱ्या धाकट्यांमध्ये संसर्ग जास्त आढळला नाही. दोन्ही अभ्यासांवर आक्षेप आहेत. बॉस्टनच्या शाळा आणि आसपासच्या शाळा मुळातच एकमेकींपेक्षा वेगळ्या होत्या, आणि स्पेनच्या अभ्यासात वयाचा फरक मध्ये येतो. बैठकीत कुणी यातला एकच अभ्यास मोबाइलवर दाखवून ‘बघा’ म्हणालं, तर दुसराही आहे हे तुम्हाला माहीत असू दे.

माझं मत विचाराल तर मोठी लाट असताना, बंदिस्त वर्गात, मोठ्या मुलांनी आणि सर्व शिक्षकांनी चांगला मास्क लावावा. मात्र तो वर्षभर, सरसकट आणि पहिलीपासून नको.

वयाबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२०मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत परिस्थिती पाहून ठरवावं, आणि बारा वर्षांपासून पुढे मोठ्यांसारखंच वागवावं. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जानेवारी २०२२मध्ये जवळपास हेच म्हटलं. सहा ते अकरा वयातल्या मुलांनी पालकांच्या थेट देखरेखीखाली आणि नीट वापरता येत असेल तर मास्क लावावा, असं त्यात होतं. एका वर्गात पन्नास मुलं आणि एक बाई असताना थेट देखरेख कशी होणार? पहिली-दुसरीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर नजर टाका. मास्क हनुवटीखाली आलेला असतो, घामाने ओला असतो, एकाचा कार्टूनवाला दुसऱ्याने आवडला म्हणून घातलेला असतो, नाहीतर पिनाफोरच्या खिशात अर्ध्या चिक्कीला चिकटलेला असतो. ओला मास्क नीट काम करत नाही आणि त्यातून श्वास घेणंही कठीण होतं. जून ते ऑक्टोबर मुंबईच्या दमट हवेत कापडी मास्क वाळतसुद्धा नाही. त्यातून पहिलीतलं मूल प, फ, ब, भ, म हे आवाज बाईंच्या ओठांकडे बघून शिकत असतं. इतकं सगळं गमावून त्या वयात सक्तीने जे मिळतं ते फार थोडं आहे, असं मला वाटतं.

तुमच्या मैत्रिणीच्या मुलाबद्दल आता बोलते, कारण सगळ्या भांडणाची गाठ तिथेच आहे.

तुम्ही म्हणता, ‘एकाला सूट दिली की सगळेच मागतील.’ पण मैत्रिणीचं वाक्य पुन्हा वाचा. आपल्या मुलाला मास्क नको, असं त्या म्हणाल्याच नाहीत. मुलाला वर्गात ऐकू येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाने स्वतः मास्क लावला तर त्याचं ऐकणं अडत नाही. अडतं ते बाईंनी लावला की, आणि शेजारी बसणाऱ्या मित्राने लावला की. म्हणजे तुम्ही जी सूट नाकारता आहात ती त्यांनी मागितलेलीच नाही. त्यांना बाईंचा चेहरा दिसायला हवा आहे. तुम्हाला वर्गातली मुलं मास्कमध्ये हवी आहेत. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

त्या मुलाला मास्कचा एक त्रास मात्र होतोच, आणि तो तुम्हाला सहज दूर करता येईल. त्याचं यंत्र कानामागे बसतं आणि मास्कचा इलॅस्टिकही तिथेच अडकतो. मास्क काढताना यंत्र ओढलं जाऊन खाली पडतं, फुटतं, कधी गर्दीत हरवतं. नवीन घ्यायचं तर चांगल्या पगाराच्या घरालाही विचार करावा लागतो. यासाठी डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क चालतो, किंवा दोन बटणं लावलेली कापडी पट्टी डोक्यामागे ठेवून इलॅस्टिक त्यात अडकवता येतो. मास्क लावणाऱ्या कुठल्याही श्रवणयंत्रवाल्या मुलाच्या दप्तरात ही पट्टी असायला हवी.

बाईंचा चेहरा दिसण्यासाठी तोंडाच्या जागी पारदर्शक खिडकी असलेले मास्क मिळतात. त्यांच्यावर वाफ धरते, म्हणून आतून अगदी पातळ साबण फिरवून पुसावं लागतं. तेही जमलं नाही तर बाईंनी उघड्या खिडकीजवळ, पहिल्या बाकापासून पुरेसं अंतर ठेवून, चेहऱ्यावर उजेड येईल असं उभं राहून बोलावं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मुलाची जागा पहिल्या-दुसऱ्या बाकावर, बाईंच्या समोर. छोटा माइक आणि स्पीकर असेल तर उत्तम, त्याचा फायदा मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनाच होतो. नुसती प्लास्टिकची फेसशील्ड मात्र मास्कची जागा घेऊ शकत नाही, तिच्या कडांमधून हवा मोकळी येते-जाते. बाईंनी मास्क न लावता शिकवल्याने धोका थोडा वाढतो, हेही मान्य करायला हवं. तो अंतराने, खिडक्यांनी आणि लसीने भरून काढायचा असतो. हा थोडा धोका आपण एका मुलाच्या शिक्षणासाठी पत्करावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. कायदाही तेच म्हणतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार अशा विद्यार्थ्याला त्याच्या गरजेप्रमाणे योग्य ती सोय करून देणं हे शिक्षणसंस्थेचं कर्तव्य आहे. ‘सवलत कुणालाच नाही’ हे वाक्य म्हणून मसुद्यातून काढावंच लागेल.

ज्यांना खरोखर मास्क लावताच येत नाही अशी मुलंही असतात. स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणारं मूल, चेहऱ्यावर काही टेकलं की सैरभैर होणारं स्वमग्न मूल, श्वासाचा काही त्रास असलेलं मूल. शाळेत अशी किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सगळेच सूट मागतील ही तुमची भीती मी समजू शकते, पण त्यावर उपाय कुणालाच सूट न देणं हा नाही. वर्गशिक्षिका आणि पालक यांचं एक छोटं पत्र सुरुवातीला पुरेसं धरा, डॉक्टरांचा कागद नंतर सवडीने येऊ द्या. लाट जोरात असताना चिठ्ठीसाठी मूल दवाखान्याच्या गर्दीत बसवणं कुणाच्याच हिताचं नाही.

शिक्षेबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मसुद्याचा जोर तुम्ही तिथे टाकला आहे.

१८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्याच वर्षी तो साथरोग कायदा आला. तुमच्या परळमधली हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने आहे त्या हाफकिन यांनी प्लेगवरची लस याच शहरात तयार केली. तरीही त्या काळात लोक रुग्ण लपवत होते, कारण घरात शिरून होणारी तपासणी आणि माणसाला उचलून नेणं याची दहशत रोगापेक्षा जास्त होती. माणसं आजार लपवू लागली की साथ हाताबाहेर जाते. शाळेतही हे तसंच होतं. मास्क नसेल तर अपमान, गैरहजर राहिलं तर बोलणी आणि वर ‘शंभर टक्के उपस्थिती’चं बक्षीस, असं वातावरण असेल तर सकाळी अंग गरम लागलेल्या मुलाला आई तापाची गोळी देऊन, मास्क लावून शाळेत पाठवते. दोघंही नोकरीला जाणारे असतील तर त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नसतो. तापाचं ते मास्क लावलेलं मूल तुमच्या मुलाच्या बाकावर येऊन बसतं. तुमच्या सासऱ्यांना खरा धोका त्याच्यापासून आहे. तुमच्या मसुद्यात मला एकच कडक ओळ घालायची झाली तर ती अशी घालीन: साथीच्या काळात आजारपणाची गैरहजेरी कुठेही मोजली जाणार नाही आणि उपस्थितीचं बक्षीस बंद राहील.

मास्क विसरलेल्या मुलाला फाटकावरून परत पाठवलं तर ते जाणार कुठे? घराला कुलूप असतं. सहावीतलं पोर लालबागच्या रहदारीतून एकटं परत जाईल आणि जिन्यात बसून राहील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. सगळ्यांसमोर वर्गाबाहेर उभं करणं हा अकरा वर्षांच्या मुलाला छळच वाटतो. त्यापेक्षा फाटकाजवळच्या टेबलावर मास्कचा खोका ठेवा. ऑक्टोबर २०२०मध्ये राज्य सरकारने किमती बांधून दिल्या तेव्हा साधा दोन-तीन पदरी मास्क तीन-चार रुपयांना ठरवला होता. दोन मुलांच्या घरात रोज एकेक मास्क धरला तरी महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास जातात. हातावर पोट असलेल्या घरात हा खर्च जाणवतो आणि तोच मास्क चार-चार दिवस वापरला जातो. खोका शाळेने ठेवला तर मूल विसरलं काय नि आणू शकलं नाही काय, कुणाला चौकशी करावी लागत नाही.

शिक्षेशिवाय लोक ऐकत नाहीत, असं कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेलच. त्यांना बांगलादेशातला अनुभव सांगा. तिथे ६०० गावांत तीन लाखांहून जास्त प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, कसा लावायचा ते दाखवलं, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः लावला आणि विनामास्क दिसणाऱ्याला थांबवून नम्रपणे आठवण केली. दंड नव्हता. नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत, लक्षणं दिसून रक्ततपासणीत निश्चित झालेला कोविड सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला, आणि साठीच्या पुढच्या लोकांमध्ये ही घट ३५ टक्क्यांच्या आसपास होती. हा प्रयोग मुलांवरचा नाही, हे खरं. पण सासऱ्यांच्या वयाच्या लोकांना फायदा सर्वात जास्त झाला, हा भाग तुमच्या घरासाठी मोलाचा आहे. मास्क सर्वात नीट कुणाच्या तोंडावर हवा, ते यावरून कळतं.

तुमचे सासरे दवाखान्यात जाताना, बसमध्ये, लग्नकार्यात, आणि लाट असताना घरी कुणी खोकत असेल तेव्हा त्यांनी स्वतः चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लावावा. नीट बसला तर तो हवेतले अतिसूक्ष्म कणही किमान ९५ टक्के अडवतो. दाढी किंवा भरघोस मिशी असेल तर कडा बसत नाहीत, हे त्यांना सांगा. फ्लूची आणि कोविडची लस त्यांनी कधी आणि कोणती घ्यायची ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारा. काही जिवंत लसी अशा रुग्णांना देत नाहीत, म्हणून परस्पर घेऊ नये. तुम्हा बाकीच्यांची लसही वेळेवर व्हावी. लाटेच्या दिवसांत नातवाचं अंथरूण दुसऱ्या खोलीत घाला, आजोबांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. आणि ‘तू मास्क काढलास तर तुझ्यामुळे आजोबांना होईल’ हे वाक्य मुलापुढे कधीही येऊ देऊ नका. उद्या आजोबा कुठल्याही कारणाने आजारी पडले तरी ते पोर ही गोष्ट आयुष्यभर स्वतःला लावून घेईल. सहा तासांच्या शाळेत मास्क एकदाही खाली येणार नाही, अशी हमी मोठी माणसंसुद्धा देऊ शकली नाहीत.

वर्गात मास्क लावून बसलेली मुलं डब्याच्या वेळी मास्क काढून एकमेकांच्या डब्यात हात घालत गप्पा मारतात. नियम तिथे हवा. डबा मैदानात, गच्चीवर किंवा व्हरांड्यात, वर्गावर्गांनी वेळ बदलून खावा. दुसरी जागा म्हणजे शाळेची व्हॅन. दाटीवाटीने बसलेली मुलं आणि पावसामुळे चढवलेल्या काचा. व्हॅनमध्ये मास्क हवा आणि काच बोटभर तरी खाली हवी. तिसरी गोष्ट खिडक्या. आपल्याकडच्या जुन्या शाळांना उंच खिडक्या आणि दारांवर झरोके असतात. पण पुढ्यात कपाट आलेलं असतं, झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला असतो, खालची झडप गंजून बसलेली असते. हे सगळं एकदा मोकळं करून घ्या. जिथे खिडकी कमी आहे तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. भरलेल्या वर्गात तो हजाराच्या वर राहत असेल तर हवा पुरेशी बदलत नाही असं समजावं. संघाने एक यंत्र घेऊन सगळ्या वर्गांत फिरवलं तरी कुठे काम करायचं ते कळेल. उघडी खिडकी सगळ्या मुलांना सारखीच उपयोगी पडते, आणि ती घरी विसरलास म्हणून कुणाला रागवावं लागत नाही.

तुमच्या मसुद्यात नियम कधी सुरू होणार ते आहे, कधी संपणार ते नाही. सक्ती कधी उठणार हे माहीत नसलं की लोक ती आधीच मनातून सोडून देतात. दर चार आठवड्यांनी फेरविचार होईल आणि सरकारी आदेश मागे घेतला की शाळेची सक्तीही त्याच दिवशी संपेल, असं लिहा. त्यानंतर ज्याला मास्क लावायचा आहे त्याने लावावा, त्याला कुणी चिडवू नये. २०२२नंतर काही मुलींना मास्क काढायचाच संकोच वाटत होता. नव्याने आलेले मुरूम, पुढे आलेले दात, अशा कारणांनी चेहरा उघडा पडल्यासारखं वाटे. अशांना वर्गात सर्वांसमोर ‘काढ आता’ म्हणू नये, वर्गशिक्षिकेने बाजूला घेऊन बोलावं.

तुमच्या सोयीसाठी मसुद्याचा गाभा मी असा लिहीन, भाषा तुम्ही बदला: ‘शासनाचा आदेश असेल तेव्हा सहावी ते दहावीचे विद्यार्थी आणि सर्व कर्मचारी वर्गात व वाहनात मास्क लावतील. पाचवीपर्यंत मास्कचा आग्रह धरू, सक्ती किंवा शिक्षा करणार नाही. आदेशात त्यांनाही सक्ती असेल तर ती शिक्षेविना पाळू. मास्क नसलेल्या विद्यार्थ्याला फाटकावर मास्क दिला जाईल, कुणालाही परत पाठवलं जाणार नाही. श्रवणदोष असलेला विद्यार्थी ज्या वर्गात आहे तिथे शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी व्यवस्था शाळा करील. आजारी मुलाने घरी राहावं, त्याची गैरहजेरी मोजली जाणार नाही.’ इतर शाळांच्या पालक संघांनाही हा मजकूर घेता येईल. एवढंच बघा की तुमच्या शाळेत कुणाला कसली अडचण आहे, ते आधी विचारलेलं असावं.

मैत्रिणीकडे बैठकीआधी जा. फोन नको, ग्रुप तर नकोच. ‘सोयीसाठी’ हा शब्द त्यांना लागला असणार, तो तुम्ही आधी मागे घ्या. मग २०२२मध्ये शाळा उघडल्या तेव्हा त्यांच्या मुलाचे वर्गातले दिवस कसे गेले ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. सासऱ्यांच्या गोळ्यांबद्दल, रात्री त्यांना खोकला आला की तुमची झोप कशी उडते त्याबद्दल तुम्हीही सांगा. त्यांना हे कदाचित माहीतच नसेल. आणि त्या मुलालाही विचारा. सहावीतला मुलगा आहे, कोणत्या बाईंचं जास्त कळतं, कोणत्या बाकावरून कळत नाही, हे तो तुम्हा दोघींपेक्षा नेमकं सांगेल. शक्य असेल तर वर्गशिक्षिकेला एक दिवस साधा मास्क आणि एक दिवस पारदर्शक मास्क लावून दहा ओळींचं श्रुतलेखन घ्यायला सांगा. दोन्ही वह्या कार्यकारिणीपुढे ठेवल्या की तिथे वाद घालावा लागणार नाही.

शिक्षकांचा चेहरा दिसण्याच्या व्यवस्थेचा परिच्छेद मैत्रिणीला लिहू द्या आणि मसुद्याखाली दोघींची नावं घाला. खिडक्या, झरोके आणि पंख्यांचं काम मात्र मे महिन्यातच उरकून घ्या. एकदा पाऊस लागला की गंजलेली झडप काढायला कारागीर मिळत नाही, आणि शाळाही जूनच्या मध्यावर सुरू होते.